किनाऱ्यावर तंबू नको, खळ्यातली एक रात्र मात्र जरूर

वाचकाचे पत्र:
«आम्ही चौघी मैत्रिणी ठाण्याच्या, वय ४६ ते ५२. येत्या जानेवारीत अलिबाग ते मालवण असा प्रवास किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गाने, सायकलवरून, नऊ दिवसांत करायचा आमचा बेत पक्का आहे. मुक्कामाचा मात्र पक्का होत नाही. एकीचा आग्रह आहे की नऊही रात्री तंबूत काढायच्या आणि पौष पौर्णिमेची रात्र आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर, वाळूत. तिने दोन माणसांचा एक तंबू विकतही घेतला आहे. तिच्या मते खोल्या आधी ठरवल्या की प्रवासाचा दौरा होतो आणि खर्चही वाढतो. दुसरी म्हणते की रात्री दाराला कडी आणि जवळ स्वच्छतागृह नसेल, तर ती येणारच नाही. तिसरी 'तुम्ही ठरवाल ते' म्हणते. गेल्या आठवड्यात पहिली दुसरीला म्हणाली, 'मग घरीच झोप ना.' तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि निर्णय माझ्यावर येऊन पडला आहे. काय करावे?
— एक वाचक, ठाणे»

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला माझीच एक सहल आठवली. ती पुढे सांगेन, कारण माझ्या उत्तराचा निम्मा भाग तिच्यातूनच आला आहे. आधी थेट उत्तर देते. या मार्गावर, या ऋतूत आणि सायकलवर तंबू नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तंबूविषयी मला अढी नाही. जिथे संध्याकाळी पोहोचल्यावर माणसाची वस्तीच नाही, तिथे तंबू हे घरच असते आणि ते पाठीवरून न्यावेच लागते. अलिबाग ते मालवण या साधारण चारशे किलोमीटरच्या वाटेवर मात्र प्रत्येक खाडीच्या तोंडाशी गाव आहे, गावात ओटी आहे आणि ओटीवर बसलेले कोणीतरी 'कुठून आलात?' असे विचारणारच आहे. असे असताना कापडाचे घर वाहून नेण्याची किंमत काय पडते, ते आधी पाहू.

दोन माणसांचा चांगला तंबू दोन ते तीन किलोंचा असतो. चौघींना असे दोन लागतील; त्यात अंथरायच्या मॅट आणि स्लीपिंग बॅग मिळवल्या, की प्रत्येकीच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशवीत, तीनेक किलोंची भर पडते. सपाट रस्त्यावर हे ओझे जाणवत नाही. पण सागरी मार्ग सपाट नाही, हे नकाशावरून कळत नाही आणि पहिल्याच दिवशी मांड्यांना कळते. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला तुम्ही फेरीबोटीने खाडी ओलांडाल. धक्का नेहमीच समुद्राच्या पातळीला असतो, म्हणजे बोटीतून उतरल्यावर बहुधा पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, चढणे आलेच. रत्नागिरीच्या पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग या टापूत तर दिवसातून दोन-तीनदा खाडीपर्यंत उतरून परत वर यावे लागते. पन्नाशीच्या गुडघ्यांना त्या तीन किलोंचा हिशेब संध्याकाळी चुकवावा लागतो.

ओझ्यापेक्षाही मोठी अडचण दवाची आहे आणि ती तंबू विकणारा कधी सांगत नाही. जानेवारीत कोकण किनाऱ्यावर पहाटे इतके दव पडते, की तंबूचे बाहेरचे कापड पाण्यात बुडवून काढल्यासारखे होते, आणि आतून तुमच्याच श्वासाची वाफ कापडावर साचून ओघळते. असा तंबू ओला गुंडाळला तर त्याचे वजन वाढते, दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो आणि पुढच्या रात्री तुम्ही त्याच ओलीत झोपता. वाळवायचा म्हटले, तर ऊन अंगावर येण्याची वाट पाहावी लागते. या दिवसांत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तंबू सुकून, झटकून, बांधून निघेपर्यंत नऊ-साडेनऊ वाजणार. सायकल चालवणाऱ्याला कोकणात खरा गारवा मिळतो तो साडेसहा ते दहा या वेळेत, आणि अकरानंतर जांभ्याचा सडा तापू लागतो. नऊही दिवस गारव्याची वेळ तंबू वाळवण्यात घालवायची आणि चढ उन्हात चढायचे, हा व्यवहार मला पटत नाही. सायकलच्या गादीदार विजारी रोज धुवाव्या लागतात हे तुम्हा चौघींना ठाऊक असेलच. त्या दवात वाळत नाहीत आणि ओल्या घातल्या तर मांडीला फोड येऊन तिसऱ्या दिवशी प्रवास थांबतो. घरात मुक्काम असला की पडवीतल्या दोरीवर, पंख्याखाली, त्या रात्रीतून सुकतात.

आता आंजर्ल्याची पौर्णिमा. तुमच्या मैत्रिणीच्या मनातले चित्र सुंदर आहे, पण तिने नेमकी गैरसोयीची रात्र निवडली आहे. कोकणातली जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. ही भरती दिवसा एकदा आणि रात्री एकदा अशी येते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची असते, म्हणजे पाणी एरवीपेक्षा बरेच वर चढते. संध्याकाळी सहाला तुम्ही किनाऱ्यावर पोहोचाल तेव्हा ओहोटी असेल, समोर ऐसपैस कोरडी वाळू असेल, आणि मध्यरात्रीच्या आसपास, चौघी गाढ झोपेत असताना, समुद्र आपली जागा परत मागायला येईल. शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची सर्वांत वरची रेघ पाहून तिच्या बऱ्याच वर तंबू लावला तर पाण्याचा धोका टळतो, हे खरे. पण मग तुम्ही सुरूच्या बनात शिरता. ही बने बऱ्याच ठिकाणी वनखात्याने किंवा सामाजिक वनीकरणाने लावलेली आहेत, तिथे विचारल्याशिवाय मुक्काम करणे योग्य नाही, आणि खाली पडलेल्या सुक्या काड्या शेकोटीच्या एका ठिणगीने पेटतात. नारळाच्या बागेत लावू म्हणाल, तर 'नारळाला डोळे असतात, तो कुणाच्या डोक्यावर पडत नाही' असे तिथले लोक म्हणतात खरे. पण तेच लोक आपली बाज माडाखाली टाकत नाहीत, हे मी नीट पाहून ठेवले आहे.

शिवाय आंजर्ले आणि त्याच्या उत्तरेचे वेळास ही ऑलिव्ह रिडले कासवांची विणीची गावे आहेत. माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. किनाऱ्यावर उजेड, हालचाल किंवा गप्पा असल्या, तर मादी अंडी न घालताच पाण्यात परतते. पिल्लेही समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने जाणारी असल्याने टॉर्चच्या झोताने वाट चुकतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावातल्या घरांमध्येच राहू-जेवू लागले आणि कासव वाचवणे हा गावाच्या चुलीशी जोडलेला विषय झाला. तुमची मैत्रीण 'खोली घेतली की दौरा होतो' म्हणते. तिला वेळासचा हा मुक्काम जरूर सांगा. तिथे तुम्ही कोणाच्या तरी माजघरात पाटावर बसून भाकरी खाल, आणि त्या घरातला मुलगा पहाटे तुम्हाला किनाऱ्यावर घेऊन जाईल. पिल्ले दिसतीलच असे नाही, कारण जानेवारी त्यासाठी थोडा लवकरचा आहे.

असे असूनही तुमच्या मैत्रिणीच्या एका मुद्द्यात दम आहे आणि तो झटकून टाकू नये. आधीपासून नऊ खोल्या ठरवल्या, की रोज किती अंतर कापायचे हेही ठरून जाते, आणि मग वाटेत एखाद्या देवळाच्या तळ्याकाठी दुपार घालवावी असे वाटले तरी घड्याळ ओढत नेते. या जाचाला माझा उपाय असा: पहिली रात्र आणि शनिवार-रविवारच्या रात्री तेवढ्या आधी ठरवा, बाकीच्या त्या-त्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन करून ठरवा. नाताळ ते नववर्ष आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी सोडली, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी किनाऱ्यावरच्या गावात चौघींची सोय होणे अवघड नसते. पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहरी' योजनेत नोंदलेल्या घरांपासून सुरुवात करा; एका घरी जागा नसेल तर तेच घर शेजाऱ्याचा क्रमांक देते.

फोनवर विचारायच्या गोष्टी मात्र नेमक्या हव्यात. सायकली रात्री आत, पडवीत किंवा खळ्यात घेता येतील का, हे सर्वांत आधी विचारा. रात्रीचे जेवण हवे असल्यास ते दुपारीच सांगावे लागते, कारण मासळी सकाळच्या लिलावातून येते आणि सोमवारी, गुरुवारी किंवा चतुर्थीला कित्येक घरांत ती शिजतच नाही. सकाळी सहाला घावणे किंवा पोहे मिळतील का, तेही विचारून घ्या. यजमानीण हो म्हणाली, तर तिच्यासाठी तो पाचचा उठण्याचा दिवस असतो, हे लक्षात ठेवून पैसे देताना घासाघीस करू नका. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि खिडकी नसेल, तर कडी लावून आंघोळ करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. चुलीवर तापवलेले पाणी मिळाले तर तेच घ्या, त्याला धुराचा छान वासही असतो.

घर म्हणजे सुखच असते असे मी म्हणत नाही. एका गावात आम्हाला अशी खोली मिळाली होती, की पांघरुणे ओलसर होती आणि पलीकडच्या खोलीत पहाटे तीनपर्यंत पत्ते आणि बाटल्या चालल्या होत्या. तेव्हापासून मी खोली पाहिल्याशिवाय सामान उतरवत नाही आणि रस्त्यावरच्या लॉजपेक्षा जिथे घरची माणसे त्याच छपराखाली झोपतात, ते घर निवडते.

आता त्या सहलीविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी अशाच निघालो होतो आणि तंबूचा आग्रह माझा होता. मी मत घेतले, चार विरुद्ध एक असे झाले, आणि जी एकटी पडली ती काही न बोलता आमच्याबरोबर आली. त्या रात्री किनाऱ्यावर उशिरापर्यंत गाड्या फिरत होत्या, कुत्री तंबूला हुंगून जात होती, दूर कोणीतरी मोठ्याने गात होते. मी गाढ झोपले. ती रात्रभर जागी होती, आणि अंधारात एकटीने लांब जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीही प्यायली नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. कळले कसे, तर उतारावर डुलकी लागून ती पडली आणि तिचे मनगट मोडले. तिने मला कधी दोष दिला नाही, त्यामुळे तो माझ्याकडेच राहिला आहे. तेव्हापासून माझा एक नियम आहे: कुठे जेवायचे, कोणता किल्ला पाहायचा, कोणता रस्ता घ्यायचा, यावर मते घ्यावीत, झोप आणि शौच यांवर मते घेऊ नयेत. त्या बाबतीत जिची गरज सर्वांत मोठी, तिच्या गरजेप्रमाणे सर्वांचे ठरते. तुमची दुसरी मैत्रीण कडी आणि स्वच्छतागृह मागते आहे, म्हणजे ती भित्री किंवा चैनी नव्हे. या वयात पाळी अनियमित झालेली असते, रात्री दोनदा उठावे लागते, आणि हे सगळे चौघींच्या गटात मोठ्याने बोलणे सोपे नसते. तिने अट घातली हे बरेच झाले. माझ्या मैत्रिणीने घातली नाही. जी 'तुम्ही ठरवाल ते' म्हणते, तिला मात्र एकदा एकटीला गाठून विचाराच. गप्प माणसाची संमती मी आता संमती धरत नाही.

तंबूवाल्या मैत्रिणीशीही एकांतात बोला आणि तिला तंबू का हवा ते विचारा. माझा अंदाज असा, की तिला कापड नको आहे, आकाश हवे आहे. वर्षानुवर्षे चार भिंतींत इतरांची उस्तवार केलेल्या बाईला छत नसलेली एक रात्र हवीशी वाटणे मला अगदी समजते. अंदाज चुकीचा असेल तर तसेही तीच सांगेल. पण तो बरोबर असेल, तर तुमच्या मार्गावर त्याची उत्तम सोय आहे आणि ती तंबूतून मिळणारच नाही, कारण तंबूत पडल्यावर दिसते ते कापडच.

देवगड-मालवणकडच्या गावांमध्ये भातकापणीनंतर घरापुढचे अंगण चोपून, शेणाने सारवून खळे केलेले असते. जानेवारीत ते कोरडे, टणक आणि झाडलेले असते, पाठीशी घराचे दार असते, न्हाणीघर दहा पावलांवर असते, आणि यजमानांना आधी विचारले तर बाज किंवा गोधडी टाकायला कोणी नाही म्हणत नाही. दोघींनी आत झोपावे आणि ज्यांना हवे त्यांनी खळ्यात. वर मांडव असेल तर त्याच्या बाहेरची कड निवडा आणि दवासाठी एक जास्तीची चादर घ्या. मच्छरदाणी मात्र न चुकता लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. डास हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो, आणि दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा जागही येत नाही. खोचलेली मच्छरदाणी आणि उंच बाज यांनी हा धोका बराच कमी होतो. पहाटे बूट झटकूनच पाय घाला, कारण कोकणात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू फार खाली आणले. पण औषध वेळेवर मिळावे लागते, म्हणून विंचू चावला किंवा साप, मंत्रतंत्रात वेळ न दवडता सरळ जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे, आणि त्या दिवशी ते कुठे आहे हे यजमानांना संध्याकाळीच विचारून ठेवायचे.

खर्चाच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. दुसरा तंबू, चार मॅट आणि चार स्लीपिंग बॅग नव्याने घेण्याचे पैसे एकीकडे मांडा, गावातल्या घरात नऊ रात्रींचे चौघींचे राहणे-जेवणे दुसरीकडे मांडा, आणि तंबूत राहूनही रोज दोन वेळचे जेवण, आंघोळीचे पाणी आणि फोनची बॅटरी भरणे यांसाठी कोणाच्या तरी दारात जावे लागणारच आहे, हे विसरू नका. उरलेला फरक पाहून तिचे तीच ठरवेल.

विकत घेतलेला तंबू परत करायला मात्र तिला सांगू नका. ते तिला हरल्यासारखे वाटेल. फेब्रुवारीत, वर वस्ती नसलेल्या एखाद्या गडाच्या माथ्यावर, वनखात्याची परवानगी घेऊन, तुम्ही दोघी त्यात एक रात्र काढा. तिथे तंबू हवाच असतो आणि तो दोन माणसांचाच आहे. जाण्याआधी तो घराच्या गच्चीवर एकदा लावून पाहा. अंधारात पहिल्यांदा काड्या जुळवताना झालेली भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि दुसऱ्या मैत्रिणीला फोन तुम्ही करू नका. 'घरीच झोप' हे वाक्य जिने उच्चारले, तिनेच तो करायचा आहे, आणि तो प्रवासाचा नकाशा पुढे पसरण्याच्या आधी व्हायला हवा. त्यानंतर खळ्यातली रात्र कुणकेश्वरला, आचऱ्याला की मालवणच्या अलीकडे कुठे, हे त्या दोघींना मिळून ठरवू द्या. पौर्णिमेला तुम्ही आंजर्ल्यालाच असाल तर किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला जा, चंद्र वर येईपर्यंत पाण्यात पाय सोडून बसा, आणि जेवणाची वेळ झाली की यजमानांच्या घरी परता. समुद्र त्यानंतर वर येईल.